फुटलेलं मेयोनीज

अंडं फोडण्याआधी हात धुवावेत आणि तोंड बंद ठेवावं, असा सासूबाईंच्या स्वयंपाकघरातला नियम होता. पहिला भाग सगळ्यांसाठी, दुसरा त्या स्वतः सोडून सगळ्यांसाठी. त्यांच्या तोंडाचा पट्टा सकाळी दात घासून झाले की सुरू व्हायचा तो रात्री उशीला डोकं टेकेपर्यंत. मध्ये एखादा शब्द घुसवायचा तर रस्ता ओलांडताना दोन गाड्यांमधली फट शोधावी तशी शोधावी लागायची. सून बिचारी लग्नानंतर वर्षभर ती फट शोधत राहिली, मग तिनं नाद सोडला.

सूनही काही कमी नव्हती म्हणा. तिला एका जागी बसवून दाखवावं कुणी. जेवताना दोनदा उठणार, चहा पिताना खिडकीशी जाणार, फोनवर बोलताना घराची लांबी मोजणार. लग्न होऊन आठवडा झाला नाही तोच सासूबाईंनी तिचं नाव भिंगरी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की कोपऱ्यावरचा सँडविचवालाही तिला भिंगरीताई म्हणू लागला. ती कामाला होती औषधांच्या कारखान्यात. सरकत्या पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं जायची आणि ज्या पाकिटात एखादा कप्पा रिकामा राहिला असेल ते तिनं उचलून बाजूला टाकायचं. तिथं मात्र ती दिवसभर बसायची. पट्टा हलतोय म्हटल्यावर तिला हलायची गरज पडत नसावी.

तर या भिंगरीची बाळंतपणाची रजा संपत आली होती. सोमवारी तिला कामावर हजर व्हायचं होतं आणि ठोंब्या, म्हणजे तिचा सहा महिन्यांचा मुलगा, घरी आजीजवळ राहणार होता. हे ठरलं होतं ते सुखासुखी नव्हे. भिंगरीच्या मनात पाळणाघर होतं. तिनं ते बाळंतपणाआधीच एकदा बोलून दाखवलं, आणि सासूबाईंनी डोक्यात राख घालून घेतली. घरात आजी धडधाकट असताना नातू परक्याच्या दारात टाकणार का, मी काय मेले आहे का, माझा मुलगा मी एकटीनं वाढवला तो काय वाऱ्यावर वाढला का, असं पंधरा दिवस चाललं. नवरा लिफ्ट बसवायच्या कामावर असायचा, तो दोघींच्या मध्ये वरही जाईना आणि खालीही येईना. शेवटी भिंगरीनंच हार मानली. सासूबाई जिंकल्या आणि गल्लीभर सांगत फिरल्या.

आता सोमवार पाच दिवसांवर आला होता आणि भिंगरीच्या जिवाला काही केल्या थारा नव्हता. कशानं ते तिलाही सांगता आलं नसतं. कुठेतरी एक कप्पा रिकामा आहे, एवढंच तिला कळत होतं. पाकीट हातातून सुटून चाललंय आणि तो कप्पा काही दिसत नाही.

सुरुवात झाली मेयोनीजपासून. सासूबाईंचं तिखट मेयोनीज त्या भागात नावाजलेलं होतं. सँडविचवाल्याच्या टपरीवर ज्या बरण्या असायच्या त्या त्यांच्याच हातच्या, आणि तो माणूस बाजारातली बाटली वापरण्यापेक्षा टपरी बंद ठेवीन म्हणायचा. कृतीत गुपित असं काही नव्हतं. दोन अंड्यांचा बलक, चमचाभर मोहरीची पेस्ट, मीठ, थोडं व्हिनेगर. मग तेल. सगळी मेख त्या तेलात. ते थेंबाथेंबानं पडलं पाहिजे आणि ते पडत असताना फेटणं क्षणभरही थांबता कामा नये. थांबलं की तेल एका बाजूला, बलक एका बाजूला, मग दोघांचं भांडण मिटवता मिटत नाही. बाकीचे लोक एका हातानं ओततात, दुसऱ्या हातानं फेटतात, आणि भांडं ओट्यावर गरागरा फिरत राहतं. सासूबाईंनी त्यावर स्वतःचं डोकं चालवलं होतं. ओट्यावरच्या फळीला एक आकडा ठोकला होता. त्याला तेलाची बाटली उलटी टांगायची. बुचाला तापवलेल्या सुईनं पाडलेलं भोक, आणि वर बुडाला हवा शिरायला दुसरं. तेल आपोआप ठिबकायचं आणि त्या डाव्या हातानं भांडं धरून उजव्या हातानं तारेची रवी चालवायच्या. सँडविचवाला त्याला सलाईन म्हणायचा.

एकदा सलाईन चालू झालं की घराला आग लागली तरी रवी थांबवायची नाही, हा त्यांचा दुसरा नियम. भिंगरीला त्यांनी तो नवी सून असतानाच शिकवला होता. आणि भांड्यात सारखं डोकावू नको म्हणून दटावलंही होतं. रवीचा आवाज आधी पाण्यात हात मारल्यासारखा येतो, मग तो जड होतो, ओल्या कपड्यावर थापट्या मारल्यासारखा. तो जड झाला की जमलं, बघायची गरज नाही. शेवटी भाजलेल्या लाल मिरच्या आणि लसूण वाटून घालायचं आणि लिंबू पिळायचं. मिरच्या भाजल्या की सगळ्या घराला ठसका लागायचा, म्हणून ठोंब्या जन्मल्यापासून मेयोनीजच्या दिवशी त्याची रवानगी मागच्या खोलीत व्हायची आणि दार ओढून घेतलं जायचं.

तर त्या बुधवारी सँडविचवाला एक बरणी परत घेऊन आला. चेहरा असा की जणू त्यानंच चोरी केली आहे. बरणीत वर बोटभर तेल तरंगत होतं आणि खाली लालसर चोथा बसला होता. तो म्हणाला, काकू, असं कधी झालं नाही, म्हणून दाखवायला आणलं, तक्रार नाही. सासूबाईंनी बरणी उजेडाकडे धरली आणि अंडी फार गार होती म्हणाल्या. तो गेल्यावर तेल भेसळीचं होतं म्हणाल्या. संध्याकाळी मुलगा आला तेव्हा त्याला सांगताना दोष हवेवर गेला होता. नाचता येईना अंगण वाकडं, असं भिंगरीच्या अगदी ओठावर आलं होतं, पण तिनं गिळलं. इतकी वर्षं ज्या बाईचं मेयोनीज एकदा फुटलं नाही तिचं फुटलं, याचं हसू येण्याऐवजी तिच्या मनात पाल चुकचुकली. कपाटाच्या मागं अशाच आणखी तीन बरण्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या तिला दुसऱ्या दिवशी सापडल्या, तेव्हा तर तिचं जेवणावरून लक्षच उडालं.

मग एकेक गोष्ट डोळ्यांत खुपू लागली. गुरुवारी ती दूध आणायला खाली गेली आणि किल्ली विसरली. बेल वाजवली, दार ठोठावलं, बेलवर बोट दाबून धरलं. आतून ठोंब्याचं रडणं ऐकू येत होतं, दार काही उघडेना. शेजारच्या घरातला म्हातारा लुंगी सावरत बाहेर आला, काय झालं म्हणून विचारून गेला, तरी उघडेना. शेवटी सासूबाई कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला म्हणून दार उघडून उभ्या, आणि तिला बघून दचकल्या. अगंबाई, तू इथंच उभी होय, म्हणाल्या, मला वाटलं दुधाच्या रांगेत अडकलीस. तोवर ठोंब्या रडून लालबुंद झाला होता. सासूबाईंनी त्याला उचलून असा काही छातीशी धरला की भिंगरी दूध ओट्यावर ठेवून आली तरी त्यांनी त्याला सोडलं नव्हतं.

त्याच दिवशी तिनं त्यांना मेयोनीज फेटता फेटता सोडून जाताना पाहिलं. सलाईन चालू होतं, रवी चालू होती, आणि सासूबाईंनी मध्येच रवी भांड्यात टाकली, पदराला हात पुसले, मागच्या खोलीत गेल्या, आल्या आणि पुन्हा फेटू लागल्या. तेल मधल्या वेळात ठिबकतच होतं. काही राहिलं का आत, असं भिंगरीनं विचारलं, तर त्या वाळलेल्या कपड्यांबद्दल बोलू लागल्या.

भिंगरीनं निदान केलं. सासूबाई विसरायला लागल्या होत्या. हातातलं काम सोडून जातात, कशाला गेलो ते त्यांना आठवत नाही, विचारलं एक की सांगतात दुसरंच. तिच्या एका मावशीचं असंच झालं होतं. शेवटी शेवटी मावशी गॅस चालू ठेवून बाजारात जायची. आणि अशा बाईच्या हातात ती सोमवारी स्वतःचं पोर देऊन जाणार होती.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. तुला काळजी करायचा छंदच आहे, म्हणाला. आईच्या डोक्यात चार पिढ्यांचे वाढदिवस आहेत, माझ्या पहिलीतल्या बाईंचं आडनाव आहे, ती काय विसरणार. वाटलं तर परीक्षा घे.

भिंगरीनं खरंच घेतली. शुक्रवारी दुपारी भाजी निवडताना ती सासूबाईंच्या समोर बसली, आणि गप्पा मारतेय असं दाखवत एकेक प्रश्न टाकू लागली. नवरा लहानपणी पडला तेव्हा टाके कुठल्या पायाला पडले होते. घरात पहिला फ्रिज आला तो कुठल्या रंगाचा होता. लग्नात तिच्या आत्यानं काय दिलं. सासूबाई तिच्या तोंडाकडे एकटक बघत ऐकत होत्या, आणि उत्तरं अशी फाडफाड देत होत्या की बोलायची सोय नाही. आत्यानं दिलेल्या सहा वाट्यांपैकी एकीला पोचा होता हेही सांगितलं, आणि तो पोचा आधीपासूनचा होता, इथं पडलेला नाही, हे पुन्हा एकदा बजावलं. मेंदू तर सुरीसारखा होता. मग आपला जीव खालीवर होतो तो कशानं? भिंगरी भाजी तशीच टाकून उठली, गॅलरीत गेली, आत आली, आणि पुन्हा गॅलरीत गेली. सासूबाई म्हणाल्या, तुला मुंग्या चावतायत का गं.

शनिवारी रंगीत तालीम होती. ही सासूबाईंचीच कल्पना. भिंगरीनं सकाळीच बाहेर पडायचं, संध्याकाळी यायचं, मध्ये फोन करायचा नाही, आणि सोमवार कसा जाईल ते आज बघायचं. नवरा कामावर होता. भिंगरीनं दूध बाटल्यांत भरून ठेवलं, झबली काढून ठेवली, सगळ्या सूचना दोनदा दिल्या आणि तिसऱ्यांदा द्यायला लागली तेव्हा सासूबाईंनी तिला दंडाला धरून दाराबाहेर काढलं. ठोंब्याला काही सोयरसुतक नव्हतं. तो आजीच्या मंगळसूत्राशी खेळत होता.

बाहेर पडली, पण जाणार कुठं? ती बाजारातून एक चक्कर मारून आली. मैत्रिणीकडे गेली, तिथं चहा अर्धा टाकून उठली. बसथांब्यावर बसली तर समोरून बसमागून बस गेली आणि तिला वाटलं पट्टा सरकतोय. सँडविचवाल्यानं तिला टपरीसमोरून तिसऱ्यांदा जाताना पाहिलं आणि विचारलं, भिंगरीताई, काही हरवलंय का. तिनं नाही म्हटलं. मग त्यानं आपणहून सांगितलं की काकू आज पुन्हा करतायत मेयोनीज, संध्याकाळी पोचवतो म्हणाल्यात, आणि नाही जमलं तरी काही हरकत नाही असं मी म्हणालो, तर त्यांनी मला फैलावर घेतलं. भिंगरीनं पुढचं ऐकलंच नाही. तालमीच्या दिवशी ठोंब्याला सांभाळायचं सोडून या बाईला बरण्यांचं पडलंय, हे तिच्या डोक्यात असं बसलं की ती तडक घराकडे निघाली. तालीम गेली खड्ड्यात.

आज किल्ली होती. तिनं दार उघडलं, आणि रागाच्या भरात ते मागं जोरात आपटलं. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. घरात भाजल्या मिरचीचा वास भरला होता आणि तिला ठसका लागला. समोर स्वयंपाकघरात सासूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. आकड्याला बाटली टांगलेली, तेल ठिबकतंय, रवी फिरतेय. त्यांनी वळून पाहिलं नाही. भिंगरी खोकत खोकत पॅसेजमध्ये उभी राहिली, तरी नाही.

एवढ्यात सासूबाईंनी रवी टाकली. ओट्यापलीकडचं दार ढकलून त्या मागच्या खोलीत गेल्या. त्या दारातून पाळणा अर्धा दिसत होता. त्या पाळण्यावर इतक्या वाकल्या की नाक ठोंब्याच्या गालाला लागावं, त्याच्या छातीवर तळहात ठेवला, तो हलकेच वर खाली होताना बघितला, आणि धावत परत आल्या. चालत नाही, धावत. गुडघ्यांची तक्रार करणारी बाई ती. भांड्यात तोवर तेलाचं तळं झालं होतं. त्यांनी घाईनं फेटलं, रवी उचलून उजेडात धरून बघितली, पुन्हा फेटलं, पुन्हा उचलून बघितली. आणि जरा कुठे जमतंय असं वाटतंय तोच रवी टाकून पुन्हा आत धावल्या. बाटलीला बोट लावायचंही भान नव्हतं.

भिंगरी तशीच उभी. ठोंब्या शांत झोपला होता. रडला असता तर इथपर्यंत ऐकू आलंच असतं, त्यासाठी दर मिनिटाला धावत जाऊन बघायची काय गरज? हे मनात आलं आणि पुढचं त्याच्या पाठोपाठ आलं.

सासूबाई परत ओट्याशी आल्या. भिंगरीनं हाक मारली, आई. मग जरा मोठ्यानं, आई. मग शेजारच्या म्हाताऱ्यालाही ऐकू गेली असेल इतक्या मोठ्यानं. सासूबाई रवी उचलून बघत होत्या. दोघींच्या मध्ये फार तर चार हातांचं अंतर होतं.

बेल, वाळलेले कपडे, तोंडाकडे एकटक बघणं, समोरच्याला बोलूच न देणारी ती न संपणारी बडबड, सगळं एका जागी येऊन बसलं. रिकामा कप्पा सापडला होता. गुरुवारी ठोंब्या दाराआड रडून लाल झाला होता, ते तिच्या डोळ्यांसमोर आलं. मागच्या महिन्यातली दुपार आठवली, जेव्हा ती दोन तास झोपून उठली आणि ठोंब्या घसा बसलेल्या आवाजात कण्हत होता. तिला संताप आला, आणि भीती वाटली, आणि काय करतोय हे कळायच्या आत तिच्या तोंडून निघून गेलं. त्या पाठीकडे बघत ती म्हणाली, ठोंब्याला तुमच्याजवळ ठेवून मी जाणार नाही.

पाठ हलली नाही. हात फेटत राहिला. मग सासूबाईंची मान वर झाली. ओट्यावरच्या कपाटाला काचेचं दार होतं, हल्ली त्या ते रोज पुसायच्या, आणि भिंगरीला आत्ता कुठे कळलं कशासाठी. काचेत दोघींची नजर भेटली.

सासूबाई सावकाश वळल्या. हातातल्या रवीवरून तेल जमिनीवर गळत होतं. आधी त्या नेहमीसारख्या सुरू झाल्या. एवढ्या लवकर कशी आलीस, तालीम म्हणजे तालीम, पोर मस्त झोपलंय, बघ हवं तर. भिंगरी नुसती बघत राहिली, आणि हळूहळू त्यांचं बोलणं आपोआप थांबलं. त्या घरात इतकी शांतता भिंगरीनं लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकली.

"आत्ता मागं उभी राहून काय म्हणालीस?" सासूबाईंनी विचारलं. "काचेत तुझे ओठ हलताना दिसले. उलटे होते, मला वाचता आलं नाही."

थाप मारणं सोपं होतं. जेवलात का म्हणाले, एवढं म्हटलं की भागत होतं. भिंगरीच्या जिभेवर तेच आलंही होतं. पण त्या बाईनं मान जरा पुढं काढून, कपाळाला आठ्या घालून तिच्या ओठांवर डोळे लावले होते, जशी ती स्वतः सरकत्या पट्ट्यावर लावते तसे, आणि तिथं खोटं ठेवायचा भिंगरीला धीर झाला नाही. ती पुढं गेली. अगदी समोर उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली:

"ठोंब्याला तुमच्याजवळ ठेवून मी जाणार नाही, असं म्हणाले."

सासूबाईंनी ते पुरतं वाचलं. रवी ओट्यावर ठेवली.

"बरोबर म्हणालीस," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा ठेवलं नसतं."

आणि मग त्या खाली जमिनीवरच बसल्या, तेल सांडलं होतं त्याच्या शेजारी, आणि रडल्या. सासूबाईंना रडताना भिंगरीनं कधी पाहिलं नव्हतं. तीही बसली. तिला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटत होता. तिनं दोन्ही केलं. इतके दिवस एका शब्दानं बोलला नाहीत, म्हणून त्यांना खूप सुनावलं, आणि ऐकू जात नाही हे लक्षात आल्यावर त्यांची हनुवटी वर उचलून पुन्हा सगळं सुनावलं.

सासूबाईंनी मग सांगून टाकलं. डावा कान कधीचाच गेला होता, त्याचं त्यांनी फार मनावर घेतलं नव्हतं. उजवा ठोंब्या झाल्यावर हिवाळ्यात आलेल्या तापात गेला. ताप उतरला, कान काही आला नाही. आता मोठं भांडं पडलं तर काहीतरी पडलं एवढं कळायचं. पाळणाघराचं भांडण त्या जिंकून बसल्या होत्या, गल्लीभर दवंडी पिटली होती, आता कुठल्या तोंडानं सांगणार की नातू मागं रडला तर मला कळत नाही? आणि सांगितलं की पोर पाळणाघरात जाणार हे ठरलेलंच. पाळणा स्वयंपाकघरात घ्यावा तर मिरचीचा ठसका, आणि मेयोनीज बंद करावं तर सगळे विचारणार का बंद केलं. मग रवी टाकून धावायचं. एरवी दिवसभर त्या ठोंब्याला कडेवरून खाली ठेवत नव्हत्या, झोपला की हात पाळण्यावर ठेवून बसायच्या. पण माणसाला बाथरूमला जावं लागतं, कचरा बाहेर ठेवावा लागतो. गुरुवारी तो तेवढ्यातच उठला होता. त्यानंतर त्यांना धड झोप लागली नव्हती.

"रोज वाटायचं, आज तू पकडशील," त्या म्हणाल्या. "सोमवारच्या आत पकडशील. पाकिटात नसलेली गोळी बरोबर पकडतेस, आणि घरातली सासू पकडायला एवढा वेळ लावलास."

भिंगरीला रडता रडता हसू आलं. मला वाटलं तुम्ही विसरायला लागलात, असं तिनं सांगितलं, तेव्हा सासूबाईंना त्या टाक्यांच्या आणि फ्रिजच्या प्रश्नांचा उलगडा झाला, आणि वाटीच्या पोच्यावरून त्या पुन्हा एकदा तापल्या. तेवढ्यानं दोघींना जरा हुशारी आली.

उठून भिंगरीनं आधी ती बाटली सरळ केली. मग तिथंच उभं राहून कारखान्यातल्या सुपरवायझरला फोन लावला. सोमवारी येता येणार नाही, आणखी काही दिवस लागतील, घरातली अडचण आहे. पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. ती हो, हो, समजलं, म्हणत राहिली, स्वयंपाकघरातून खिडकीशी आणि खिडकीपासून स्वयंपाकघरात फेऱ्या घालत. सासूबाई तिच्या मागोमाग मान फिरवत होत्या.

फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, काय म्हणाला? बघतो म्हणाला, असं भिंगरी म्हणाली. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. तेव्हा ती म्हणाली, जागा राखून ठेवता येणार नाही म्हणाला.

ती कारखान्यातली खुर्ची मिळवायला भिंगरीनं किती चपला झिजवल्या होत्या ते सासूबाईंना ठाऊक होतं. त्यांनी फुटलेलं मेयोनीज मोरीत ओतलं, भांडं घासायला घेतलं, आणि भांड्याकडे बघतच, उद्या रविवार, परवाच जाऊ कानाच्या डॉक्टरकडे, म्हणाल्या. यंत्र लावलं तर लावलं. गल्लीला मीच सांगेन, तू मध्ये पडू नको. भिंगरीनं मान हलवली, मग आठवण झाली आणि त्यांच्या समोर जाऊन हलवली.

तेवढ्यात मागच्या खोलीत ठोंब्या उठला. आधी कुरकुर, मग एकदम भोकाड. भिंगरीनं सासूबाईंच्या दंडाला हात लावला.

"उठला?" त्यांनी विचारलं.

"उठला."

साबणाचे हात तसेच घेऊन सासूबाई निघाल्या, सवयीनं धावतच, आणि दाराच्या चौकटीत थांबल्या. मागं वळून त्यांनी भिंगरीच्या तोंडाकडे बघितलं.

"कसा रडतो गं तो हल्ली? झाला तेव्हाचं ऐकलंय मी. त्यानंतरचं नाही."

भिंगरी जागची हलली नाही. आपल्या पोराचं रडणं असं उभं राहून तिनंही कधी ऐकलं नव्हतं, ते कानावर आलं की ती पळत सुटायची. आता तिनं ऐकलं.

"तुमच्या मुलासारखा," ती म्हणाली. "आधी चिडतो. मग दमतो. मग कोणी येतंय का ते बघायला जरा थांबतो."

"आत्ता काय करतोय?"

"थांबलाय."

सासूबाईंनी पदराला हात पुसले आणि त्या आत गेल्या.